भिंतीवरचा बर्फ

धाकट्या जावेच्या डाव्या भुवईत एक पांढरा व्रण होता. चार वर्षांपूर्वी थोरल्या जावेने फेकून मारलेल्या पान्याचा. पाना लोखंडी होता, चांगला वीतभर लांब, आणि भांडण एका थेंबावरून झालं होतं.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जावांचं भांडण म्हटलं की ऐकणारे लगेच स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात. या दोघींना स्वयंपाकघराचं काही पडलेलं नव्हतं. भाजी कोणी करपवली, कपबशा कोणी विसळल्या नाहीत, यावरून त्यांच्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही. नवरे सख्खे भाऊ, घर एक, जेवणाचं टेबल एक, आणि नशीब असं की नोकरीची संस्थाही एक. संस्था ढगांचा अभ्यास करणारी. थोरली तिथे गोठणघर सांभाळायची. म्हणजे एक जाड पत्र्याची, खिडकीला दुहेरी काच असलेली खोली. उणे वीस अंशांची थंडी, आणि त्या थंडीत फवारलेले खरेखुरे थेंब. धाकटी समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसून तोच थेंब संगणकात गोठवायची. संगणकातल्या एका पेटीत सोळा हजार पाण्याचे रेणू, त्यांच्यात पन्नास वायूचे, एका बाजूला बर्फाची पातळ चकती ठेवायची आणि प्रत्येक रेणूला बाकीचे कुठे ढकलतायत याचा हिशोब यंत्राकडून करून घ्यायचा. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्या वेळाच्या लाखाव्या हिश्श्याएवढंही घडलेलं बघायचं नसतं, तरी त्याला तीन आठवडे लागत.

प्रश्न दोघींचा एकच. ढगातला थेंब शून्याखाली गेला तरी बराच वेळ पाणीच राहतो आणि मग एकदम गोठतो. त्या पाण्यात धुराड्यांतून आलेला गंधकी वायू विरघळलेला असतो, सल्फर डायऑक्साइड. थेंब गोठला की त्या वायूचं काय होतं? बर्फात गाडला जातो की बाहेर फेकला जातो? शंभरातले किती आत राहतात, एवढा एक आकडा हवा होता. त्यासाठी या दोन शिकल्यासवरल्या बायका एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या.

जिवावर उठल्या होत्या, हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. पाना फेकला त्याच्या पुढच्या वर्षी धाकटीने थोरलीच्या दंडाला असा चावा घेतला होता की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. एकदा भर सभेत थोरलीने धाकटीच्या छापील कागदांचा गठ्ठा तिच्याच तोंडावर मारला. एकदा जिन्यात दोघी एकमेकींचे केस धरून सहा पायऱ्या खाली आल्या आणि खाली पोचल्यावरही मुद्दा सोडला नाही. सासूबाई म्हणायच्या, "एकीला टाके घालायला घेऊन जावं तर दुसरी रांगेत आधीच बसलेली." थोरले भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस इतका मवाळ की डासालाही आधी हाताने वारून बघायचा. ते दोघींच्या मध्ये उभे राहायचे आणि दोघींचा मार खायचे.

पण एक कबूल करायला हवं. या भांडणातून काम चोख व्हायचं. थोरलीने आकडा काढला की धाकटी तो फाडून खायची. धाकटीने काढला की थोरली त्याच्या चिंध्या करायची. चुकीला जगायला जागाच नसायची.

गोठणं म्हणजे निवणं, शांत होणं, असं बाहेरच्यांना वाटतं. दोघींपैकी कोणालाही विचारलं असतं तर तिने वेड्यात काढलं असतं. थेंब आधी बाहेरून गोठतो. आतलं पाणी गोठताना फुगतं आणि त्याला जायला जागा नसते. मग ते कवच फोडतं, काटे काढतं, कधी अख्ख्या थेंबाच्या ठिकऱ्या उडवतं. बर्फाची कड पुढे येते ती समोर येईल त्याला ढकलत, चिरडत, गाडत येते. वायूच्या रेणूला दोनच रस्ते असतात, पळायचं किंवा पुरलं जायचं. धाकटी हे पडद्यावर बघायची तेव्हा तिच्या मुठी आवळलेल्या असायच्या.

आणि मग चौथ्या वर्षी अघटित घडलं. थोरलीने मोजले, शंभरातले बारा आत राहतात. धाकटीच्या पेटीतून सरासरी निघाले अकरा.

संस्थेत कोणाला खरं वाटेना. संचालक स्वतः धाकटीच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसून गेले. घरी सासूबाईंनी गोडाचं जेवण केलं. भाऊजींनी दोघींचं एक चित्र काढलं, शेजारी शेजारी बसलेल्या, आणि हसायचा प्रयत्न करणाऱ्या. थोरली त्या दिवशी जेवताना म्हणाली, "अकरा काय नि बारा काय, एकच. चार वर्षांनी अक्कल आली म्हणायची हिला." धाकटीला राग आला नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं तिला आश्चर्य वाटलं. पहिल्यांदाच कोणी कोणाचा आकडा फाडला नाही.

त्या आकड्याच्या भरवशावर थोरलीने एक बेत केला. गोठणघराच्या भिंतींवर आणि छतावर सहा महिन्यांच्या फवाऱ्याचा बर्फ साचला होता, हातभर जाड. दरवेळी तो वितळवायचा म्हणजे दार उघडं, मोठा पंखा चालू, तोंडाला मास्क, आणि दोन दिवस फुकट. आता वायू जर गोठतानाच सुटतो आणि हवा ओढणाऱ्या नळीवाटे निघून जातो, तर भिंतीवरच्या बर्फात राहिलंय काय? जवळजवळ नुसतं पाणी. मग दार लावून घ्यायचं, पंखा बंद ठेवायचा, दोन मोठे हीटर लावायचे आणि चार तासांत काम उरकायचं. सुरक्षेच्या कागदावर दोन सह्या लागत. दुसरी धाकटीची होती.

बेताच्या दिवशी सकाळी नऊला हीटर सुरू झाले. धाकटीला ते ठाऊक होतं, कारण थोरली घरातून निघतानाच म्हणाली होती, "आज माझ्या वाटेला येऊ नकोस, मला बर्फ पाडायचाय."

नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकटी वार्षिक अहवालासाठी एक हलतं चित्र बनवत होती. चित्र दाखवायचा प्रोग्राम नवा होता. जुन्यात तिने एक सोय करून ठेवली होती. बर्फाचा ठोकळा दरवेळी पडद्याच्या मध्यभागी आणून दाखवायचा, म्हणजे चित्र नीटनेटकं दिसतं. नव्यात ती सोय लावायची राहिली. तिने बटण दाबलं आणि बघते तर बर्फाचा अख्खा ठोकळा पेटीतून सरकत चाललाय. उजव्या भिंतीतून बाहेर, डाव्या भिंतीतून आत. पुन्हा उजवीकडून बाहेर. कारखान्यातल्या पट्ट्यावरून खोकं जावं तसा, आणि चांगला वेगात.

तिने चित्र थांबवून पुन्हा सुरू केलं. ठोकळा तसाच सरकत होता.

या धंद्यात नवीन माणसाला पहिल्या महिन्यात शिकवतात ती ही चूक. संगणकातल्या पेटीत तापमान म्हणजे रेणूंचा वेग. यंत्र सारखं वेग कमीजास्त करून तापमान राखतं. पण ते राखायची रीत चुकली तर हळूहळू सगळा वेग अख्ख्या ठोकळ्याच्या सरकण्यात जातो आणि आतले रेणू जागच्या जागी थिजतात. बस साठच्या वेगाने धावतेय म्हणून आत झोपलेले उतारू धावतायत असं कोणी मोजलं, तर जसं होईल तसं. आकडा सांगत होता उणे वीस. आत होतं त्याच्या कितीतरी खाली. त्या थिजलेल्या पाण्यात बर्फ रांगत पुढे येत होता आणि वायूला पळायला हवा तेवढा वेळ मिळत होता. खऱ्या उणे विसाला बर्फ रांगत नाही, धावतो. धावताना वाटेत येईल त्याला पुरत जातो.

म्हणजे अकरा खोटे. म्हणजे भिंतीवरचा हातभर बर्फ नुसतं पाणी नव्हता. सहा महिन्यांचा वायू त्यात गाडलेला होता, आणि खाली दार लावून दोन हीटर चालू होते.

हे सगळं तिला नऊ वाजून बारा मिनिटांनी कळलं होतं. तिची खोली ते गोठणघर, जिना उतरून, आवार ओलांडून, पाच मिनिटं.

ती उठली नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण ती उठली नाही. तिने दार लावून घेतलं आणि चूक सुधारून पेटी पुन्हा चालवायला घेतली. मोठ्या यंत्राच्या रांगेतली सगळ्यांची कामं तिने अडवली आणि फक्त सुरुवातीचा तुकडा लावला. पाऊण तास लागेल असं यंत्राने सांगितलं. ती स्वतःला म्हणाली, खात्री करून घेऊ. एकदाच्या चालवण्यावर तिने आजवर विश्वास ठेवला नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. तिला दिसत होता थोरलीचा चेहरा. पहिल्या वर्गातली चूक, आणि चित्र सुंदर दिसावं म्हणून स्वतःच झाकून ठेवलेली. थोरली हे संस्थेत सांगेल, जेवणाच्या टेबलावर सांगेल, पाहुण्यांना सांगेल. हिच्या तोंडावर जाऊन माझं चुकलं म्हणायचं, तर निदान हातात पुरावा असू दे. आणि मनाच्या एका कोपऱ्यात अशीही आशा होती की दुसऱ्यांदा अकराच येतील.

पडद्यावर बर्फाची कड धावत सुटली. पहिला रेणू गाडला गेला. मग दोन. मग एकदम सात. धाकटी नखं कुरतडत बघत राहिली. पन्नासातले चाळीस पुरले गेले तेव्हा दहाला पाच कमी होते. ती पाय लावून पळाली.

गोठणघराच्या बाहेर मेकॅनिक स्टुलावर बसून हीटरच्या तारेवर लक्ष ठेवत होता.

"आत कोण आहे?"

"बाई एकट्याच आहेत. खरवडतायत. कडी आतून आहे."

"हीटर बंद कर. पंखा लाव."

"बाई सांगतील तर करतो," तो म्हणाला. "तुमचं ऐकायचं नाही असं त्यांनी मुद्दाम सांगितलंय. राग मानू नका."

तिने वाकून जाड तारेला हात घातला. त्याने तिचं मनगट धरलं. तिने कोपर त्याच्या छातीत असं मारलं की तो स्टुलासकट आडवा झाला. प्लग उपटताना निळी ठिणगी उडाली आणि तिची बोटं चटकली.

"मॅडम, हे बरं नाही," तो खालूनच म्हणाला.

आत दिवा चालू होता. दुहेरी काचेपलीकडे थोरली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, हातात लांब दांड्याची लोखंडी पट्टी घेऊन भिंत खरवडत होती. जमिनीवर घोट्याएवढं पाणी होतं. हीटर विझले तसं तिने वळून बघितलं, आणि काचेत धाकटी दिसल्यावर तिचा चेहरा लाल झाला. ती काहीतरी ओरडली. काचेतून काही ऐकू येत नव्हतं. धाकटीने काचेवर वाफ सोडली आणि बोटाने लिहिलं, बाहेर या. तिच्याकडून अक्षरं उलटी लिहायची राहिली. थोरलीने बघितलं, पट्टी उगारून दाखवली आणि पाठ फिरवली.

वासाचं तिला काय कळणार होतं? सहा महिने तो वायू हाताळून तिचं नाक कधीच मेलं होतं. नुसती खोकत होती. थंडीने खोकतो आपण, असं तिला वाटत होतं.

धाकटीने भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं काढलं आणि काचेवर घातलं. पहिली काच तिसऱ्या घावाला फुटली. दुसरीला सहा लागले. भोकातून जो झोत आला त्याने तिचे डोळे मिटले. पेटत्या काडीचा वास, पण अख्खी काडेपेटी एकदम नाकाखाली ओढावी तसा. ती ओकली, तोंड पुसलं आणि डावा हात काचेच्या दातांमधून आत घालून कडी चाचपायला लागली.

आतून पट्टीचा घाव पडला. पहिला काचेवर, दुसरा तिच्या दंडावर.

"माझी काच फोडलीस," थोरली किंचाळत होती. "आता सहा महिने ही खोली थंड होणार नाही. वेड लागलंय का तुला?"

"वहिनी, बाहेर या. गॅस आहे."

"बारा टक्के. तूच सही केलीस."

"ते खोटं होतं."

"सटवे, तुला माझं काम बघवत नाही." तिसरा घाव मनगटावर बसला. हाड वाजल्याचं धाकटीने ऐकलं, पण हात मागे घेतला नाही.

"वहिनी, माझं चुकलं. ठोकळा सरकत होता. मी चुकले."

चार वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. थोरलीचा हात वरच्या वर थांबला. ठोकळा सरकत होता म्हणजे काय, हे समजणारं त्या इमारतीत आणखी कोणी नव्हतं. तिला ते एका क्षणात समजलं. तिने मान वर करून छताकडे बघितलं. त्याच वेळी छताचा बर्फ सुटला.

खोलीच्या रुंदीची ती लादी खाली आली, तापलेल्या हीटरवर आदळून फुटली आणि कोमट पाण्यात पडली. पाणी सोड्यासारखं फसफसलं. थोरलीने एकदा श्वास घेतला. दुसरा तिला घेता आला नाही. ती गळा धरून पाण्यात बसली.

धाकटीला कडी सापडली. हात बाहेर ओढताना दंडापासून मनगटापर्यंत काच फिरली. दार उघडलं, साडीचा पदर नाकाशी धरायचा म्हटलं तर अंगात कुडता होता, म्हणून तिने ओढणी तोंडात कोंबली आणि आत शिरली. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं होतं. चाचपडत तिने थोरलीचा खांदा धरला. गुदमरणारं माणूस कोण आपलं, कोण परकं बघत नाही. थोरलीने दोन्ही हातांनी तिचा गळा पकडला आणि आवळला. सगळी ताकद लावून, जीव जात असलेल्या माणसाच्या ताकदीने. धाकटीच्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. तिने मूठ वळून थोरलीच्या तोंडावर मारली. हात सुटले नाहीत. पुन्हा मारली. एक दात तिच्या बोटाच्या सांध्यात रुतला आणि हात सुटले. मग तिने थोरलीची वेणी हाताला गुंडाळली आणि ओढत निघाली. उंबऱ्याच्या पत्र्यावर थोरलीचं डोकं आपटलं. मेकॅनिकने खोकत खोकत येऊन पाय उचलले, आणि दोघांनी तिला आवारात उन्हात आणून टाकलं. तिच्या नाकातोंडातून गुलाबी फेस येत होता.

थोरली जगली. फुप्फुसांचा खालचा भाग मात्र जळाला. डॉक्टर म्हणाले, दोन जिने चढणं यापुढे जमणार नाही, आणि थंड खोलीत पाऊल टाकायचं नाही, कधीच. मिनिटं मोजावीत असं नुकसान असतं हे, असंही ते म्हणाले. साडेनऊच्या आत बाहेर काढलं असतं तर काहीच झालं नसतं, तोवर बर्फ दगडासारखा होता, असं मेकॅनिकने त्यांना सांगितलं होतं. हे त्यांनी सहज सांगितलं. ऐकणाऱ्यांत धाकटी होती.

घरात तिचं कौतुक सुरू झालं. तिच्या मनगटाला प्लॅस्टर, हाताला एकतीस टाके, गळ्यावर दहा बोटांचे वळ. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "एवढी भांडलात, पण वेळेला तूच धावलीस." नवरा फोनवर प्रत्येकाला तेच सांगत होता, वाढवून वाढवून. संचालकांनी अहवालात लिहिलं, चूक लक्षात येताच तत्काळ. आणि भाऊजींनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तिच्या पायांना हात लावला. थोरला दीर, धाकट्या भावजयीच्या पायांना. "तू नसतीस तर," ते म्हणाले. धाकटीला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना उठवलं, पण तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी थोरलीला बोलायची परवानगी मिळाली. भाऊजी उशाशी बसून सफरचंदाच्या पातळ फोडी करत होते. धाकटी पायथ्याशी उभी होती. थोरलीचे पुढचे दोन दात नव्हते, तोंड सुजलेलं होतं आणि आवाज घासलेल्या पत्र्यासारखा येत होता.

"किती वाजता कळलं?" तिने विचारलं.

"आता नको ते," भाऊजी म्हणाले. "विश्रांती घे. हिने जिवाची बाजी लावून तुला..."

"तुम्ही गप्प बसा." ती धाकटीकडेच बघत होती. "ठोकळा सरकलेला दिसला ती वेळ सांग. एकदा बघून तू पळत आली नसशील. तू परत चालवलं असशील. मी ओळखते तुला."

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. साडेनऊ म्हणाली असती, पावणेदहा म्हणाली असती. यंत्राच्या नोंदी बघायला कोणी जाणार नव्हतं. पण थोरलीने वेळ विचारली होती. वेळ म्हणजे आकडा, आणि या बाईला कच्चा आकडा द्यायची तिची छाती झाली नाही.

"नऊ बाराला," ती म्हणाली. "खाली यायला निघाले दहाला पाच कमी असताना."

"त्रेचाळीस मिनिटं," थोरली म्हणाली.

भाऊजींनी सफरचंद खाली ठेवलं. आधी त्यांना नीट समजलं नाही. मग समजलं. ज्या माणसाने जन्मात डास मारला नव्हता तो उठला आणि त्याने धाकटीच्या तोंडावर मूठ मारली. ती औषधांच्या गाडीवर जाऊन पडली, बाटल्या खाली आल्या. तो तिच्यावर गेला आणि पुन्हा मारलं, प्लॅस्टरच्या हातावर, डोक्यावर, कुठेही. "पाया पडलो मी तुझ्या," तो म्हणत होता. "पाया पडलो मी तुझ्या." तिने एकदाही हात आडवा केला नाही.

पाण्याने भरलेला स्टीलचा जग येऊन त्याच्या कानावर बसला. थोरली पलंगावर गुडघ्यांवर उभी होती. मास्क लोंबत होता, हातातली सुई निसटून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"हात लावायचा नाही तिला," ती म्हणाली. मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. "आमच्या कामात तुम्ही पडायचं नाही. तिला मारायचं तर मी मारीन. मला बरी होऊ द्या, मी मारीन."

भाऊजी कान धरून भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. दोन नर्स धावत आल्या. एकीने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, दुसरीने थोरलीला मास्क लावला, नवी सुई टोचली, धाकटीच्या ओठाला कापूस दाबला आणि दोघींना रागावून निघून गेली. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली.

"नवा किती?" थोरलीने मास्कच्या आतून विचारलं.

"अख्खं यंत्र अडवून चार दिवसांत पूर्ण चालवलं. शंभरातले चौऱ्याऐंशी आत."

"मग माझे बारा?"

धाकटीने ओठावरचं रक्त गिळलं. "तुम्ही बर्फ उघड्या बशीत वितळवून मग मोजत होता. वितळतानाच उडून गेला असणार. मी ते तेव्हाच विचारायला हवं होतं. आकडा जुळला म्हणून विचारलं नाही."

"मीही तुझी पेटी तपासली नाही." थोरलीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. "जन्मात एकदा तुझं माझं पटलं गं, आणि बघ." तिला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. "मी तुला माफ करणार नाही. त्रेचाळीस मिनिटं विसरणार नाही. घरात, संस्थेत, सगळ्यांना सांगणार."

"सांगा."

"उद्या ये. कागद घेऊन ये सगळे. बशीचं मला पटलेलं नाही."

"नाही पटलं तरी ते खरं आहे, वहिनी."

थोरलीने हात पुढे केला, धाकटीचा डावा दंड बँडेजवरून धरला आणि होती नव्हती ती ताकद लावून टाक्यांवर दाबला. बँडेज लाल व्हायला लागलं. धाकटीने दात आवळले, डोळे मिटले आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिला.